पौड ते जबलपूर, बाजेसह

आमच्या सौभाग्यवतींच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही चुकीचा निर्णय घेतला नाही. थोरामोठ्यांच्या चरित्रातसुद्धा असं विधान सहसा करता येत नाही. तिथे चरित्रकाराला एखाददुसरं प्रकरण सांभाळून घ्यावं लागतं. मामांच्या बाबतीत तशी वेळ येत नाही. फक्त प्रामाणिकपणासाठी एक गोष्ट नोंदवली पाहिजे, की त्यांच्या बरोबर निर्णयांची संख्याही नेमकी तेवढीच होती. मामा निर्णय घेत नसत. निर्णयाची तयारी करत.

याचा दोष त्यांच्या नोकरीला द्यावा लागेल. तीस वर्षं ते पौडच्या कचेरीत होते आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. साहेबापुढे कागद असा ठेवायचा की साहेबाला फक्त सही करायची उरली पाहिजे, हे त्यांचं काम. सगळे मुद्दे मांडून, सगळ्या बाजू तपासून, मामांचं टिपण सहीच्या जागेच्या एक बोट वर संपायचं. साहेब बदलत गेले, मामांचं ते बोटभर अंतर कायम राहिलं. पुढे ते निवृत्त झाले, आणि घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की इथे सही करायला कुणी साहेब नाही. म्हणजे तसा होता; पण मामींचं साहेबपण मान्य करायला त्यांना पुष्कळ वर्षं लागली.

मी तेव्हा पौडच्या शाळेत मास्तर होतो आणि मामांच्या घराला लागूनच आमचं बिऱ्हाड होतं. काळी टोपी, गळ्यापर्यंत बंद कोट, कानावर पेन्सिल आणि खिशात साखळीचं घड्याळ, अशा वेषात ते सकाळी अंगणात उभे राहिले की अजूनही कचेरी उघडायची आहे असं वाटायचं. बाजारात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांच्या बोलण्याचे दोन प्रकार होते. एरवी ते कचेरीच्या मराठीत बोलत: ‘सबब’, ‘तूर्त’, ‘अवलोकनार्थ’. मनातलं काही सांगायचं असलं की मात्र कोटाची वरची गुंडी काढल्यासारखी ती मराठी गळून पडायची आणि आतली मावळची बोली बाहेर यायची. ही दुसरी मराठी मी सगळ्या मिळून तीन-चार वेळाच ऐकली असेन.

निवृत्तीनंतर पहिल्याच वर्षी पावसाळ्यासाठी छत्री घ्यावी की इरलं, असा प्रश्न निघाला. मामांनी कागद घेऊन चार रकाने आखले: मुद्दा, छत्री, इरलं, शेरा. छत्री वाऱ्यात उलटते. इरल्यात वारा शिरत नाही. इरलं घालून कचेरीत गेल्यास शोभत नाही. छत्री घेऊन शेतात वाकता येत नाही. आता मामा कचेरीतही जात नव्हते आणि शेतातही वाकत नव्हते, पण हा मुद्दा त्यांना कुणी सुचवला नाही. दोन पावसाळे ते दारात उभे राहून पाऊस पाहत होते. तिसऱ्या वर्षी मामींनी बाजारातून छत्री आणली. मामांनी ती उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाहिली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘छत्री प्राप्त.’

रेल्वेचं टाइमटेबल हा त्यांचा खास ग्रंथ. सबंध मुळशी तालुक्यात रेल्वेचा रूळ सोडाच, शिटीसुद्धा ऐकू येत नाही. पण मामांनी पुण्याहून कुणाकडून तरी ते जाडजूड टाइमटेबल मागवलं होतं आणि ते स्नान झाल्यावर पाटावर बसून वाचत. गावातला कुणी मुंबईला निघाला तरी आधी मामांकडे येऊन जायचा. त्याला मुंबईची गाडी सांगून झाली की मामा विचारत, ‘आणि समजा तुम्हाला मद्रासला जायचं झालं, तर?’ त्या बिचाऱ्याला गिरणीत कामाला लागलेल्या भावाकडे जायचं असायचं. पण मद्रासची गाडी ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे.

मामांना एकच मुलगी. तिच्यासाठी तीन स्थळं आली, तेव्हा मामा तिन्हींचा तौलनिक तक्ता करण्यात गुंतले होते. त्यांतल्या एका पत्रिकेची खातरजमा करायला ते पुण्याला गेले असताना दुसऱ्या स्थळाची माणसं घरी आली, मामींना मुलगा बरा वाटला, आणि मामा संध्याकाळी परत आले तेव्हा सुपारी फुटलेली होती. मुलगा जबलपूरच्या कारखान्यात नोकरीला होता. मामांनी आधी अभिनंदन केलं आणि मग नकाशा शोधला.

नव्या पैशांनी बाजारात नुकताच घोळ घातला होता, त्या सुमारास मुलीला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा नेम. मामींनी डिंक, खोबरं, हळीव, बाळंतशेपा जमवायला सुरुवात केली. तेवढ्यात जावयाचं पत्र आलं, की तब्येत नाजूक आहे आणि डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली आहे. मामी दोन दिवस डिंक निवडत राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘लेक माह्यारी येत न्हाई, तर माह्यार तिकडं न्यायाचं.’ आणि माहेर म्हणजे काय, हेही त्यांनी सांगितलं: आंबेमोहोर तांदूळ, डिंकाचे लाडू, त्या स्वतः, आणि बाज.

या बाजेविषयी सांगितलं पाहिजे. शिसवी पायांची, सुतळीने विणलेली ती बाळंतिणीची बाज मामींच्या आईची होती. मामी स्वतः तिच्यावर जन्मल्या, त्यांची लेक तिच्यावर जन्मली. बाळंतीण बाजेवर निजवून खाली शेगडी ठेवायची आणि ओव्याची धुरी द्यायची, तर ती याच बाजेखाली. जबलपुरात बाजा मिळत नसतील असं मामींचं म्हणणं नव्हतं. पण ती लोकांची बाज.

मामांनी त्याच दिवशी नवी फाइल उघडली. ‘विषय: कन्येच्या प्रसूतीनिमित्त पौड ते जबलपूर प्रवास, बाजेसह. रेल्वेने की भाड्याच्या मोटारीने.’ रेल्वेच्या बाजूने पुष्कळ लिहिण्यासारखं होतं. पुण्याहून कल्याण, तिथे एकदा गाडी बदलली की थेट जबलपूर. पण बाज डब्यात घेत नाहीत, ती मालाच्या डब्यात द्यावी लागणार, आणि मग कल्याणला आपण एका गाडीत आणि बाज दुसऱ्या गाडीत, असं झालं तर? उलट मोटारीच्या टपावर बाज बांधता येते, ती आपल्या डोक्यावरच असते, दारातून दारापर्यंत जाते. मात्र वाटेत नद्या. या तक्त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: ‘रेल्वे आपणांस हवी तेथे थांबत नाही, मोटार आपणांस नको तेथे थांबते.’ मामा विनोद करत नसत. ते निरीक्षण होतं.

मग त्यांनी चौकशी सुरू केली. मोटारीच्या वाटेवर जे जे तालुके लागतात, त्या सगळ्या ठिकाणच्या तहसीलदारांना त्यांनी पत्रं पाठवली: आपल्या हद्दीतील रस्ता, पूल व नदीचे पाणी यांबाबत माहिती मिळावी. खाली सही, आणि तिच्याखाली ‘अव्वल कारकून, पौड (नि.)’. हा कंसातला ‘नि.’ इतका बारीक होता की तो शाईचा ठिपका वाटावा. दूरच्या एका तालुक्यातून उलट टपाली उत्तर आलं, की साहेबांच्या दौऱ्याची निश्चित तारीख कळवावी, विश्रामगृहातील एक खोली राखून ठेवत आहोत. या पत्राने मामांचं मन मोटारीकडे झुकलं. त्या खोलीचा मान राखला पाहिजे असं त्यांना फार वाटलं.

पौडात भाड्याची मोटार एकच होती. ती बाजारातल्या एका मुसलमान गृहस्थांची. त्यांना सगळे भाईजान म्हणत आणि ते सगळ्यांच्या लग्नांत असत, कारण नवरानवरी त्यांच्याच मोटारीत बसायची. मोटार काळी आणि प्रशस्त होती. तिचं डावीकडचं मागचं दार बाहेरून दोरीने बांधलेलं असायचं, त्यामुळे नवरीला नेहमी उजवीकडून चढावं लागे. पौडात तो हळूहळू रिवाजच झाला होता. मामांनी भाईजानना घरी बोलावून, चहा देऊन, रीतसर जबाब घेतला. मी शेजारी बसलो होतो.

‘सदर मोटार जबलपूरपर्यंत जाऊ शकेल काय?’

‘जाईल की, भाऊसाहेब. न जायाला काय झालं?’ भाईजान बशीत चहा ओतत म्हणाले. ‘फकस्त जबलपूर कुटं हाय तेवढं सांगा.’

मामांनी सांगितलं. भाईजाननी बशी खाली ठेवली.

‘आणि परत येईल काय?’

‘ते तितं गेल्यावर गाडीलाच इचारू.’

मामांनी लिहिलं: ‘परतीबाबत जबाब देणारा साशंक.’

तरीही एकदा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मत बनवणं मामांना मान्य नव्हतं. म्हणून एका रविवारी बाज टपावर बांधून पिरंगुटच्या घाटापर्यंत जाऊन यायचं ठरलं. बाज उलटी बांधली होती; तिचे चारही पाय आभाळाकडे. पुढे भाईजान, मागे मी आणि हातात घड्याळ घेतलेले मामा. आमच्या मुलखात माणूस फार आजारी झाला की त्याला बाजेवर घालूनच आणतात, त्यामुळे रस्त्याने जो भेटेल तो थांबत होता. एका म्हाताऱ्याने तर खांद्यावरची कुदळ खाली ठेवून हात जोडले आणि विचारलं, ‘कोन गेलं वं?’

मामांनी खिडकीतून डोकं काढलं. ‘कोणीही गेलेले नाही. हे प्रात्यक्षिक आहे.’

‘मंग बिगी बिगी न्या,’ म्हातारा कळवळून म्हणाला.

घाटाच्या पहिल्या चढावर मोटारीच्या नाकातून वाफ निघाली. भाईजान उतरले, चाकाखाली धोंडा लावला आणि डबा घेऊन ओढ्याकडे गेले. त्यांना या धोंड्याची जागा ठाऊक होती. तो त्यांचाच, नेहमीचा होता. तासाभराने आम्ही परत फिरलो. उतारामुळे मोटार आपण होऊन घरी आली. मामांनी दोन शेरे लिहिले: ‘चढावर वेळ लागतो’ आणि ‘लोकांचा गैरसमज होतो.’ जबलपूरपर्यंत किती चढ आणि किती लोक लागतील, याची चौकशी आता करावी लागणार होती.

हे सगळं होईपर्यंत पाच आठवडे गेले होते. मामी रोज एकदा विचारत, ‘ठरलं का?’ आणि मामा म्हणत, ‘अंतिम टप्प्यात आहे.’ लाडू दोनदा करून झाले. पहिले आम्ही खाल्ले. मामी बाजेची सुतळी रोज चाचपून पाहत.

त्या प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जावयाचं कार्ड आलं. मामांनी ते नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचलं. डॉक्टर म्हणतात, दिवस अलीकडे आले आहेत. शेजारच्या बाई मदतीला तयार आहेत, पण ही दिवसभर दाराकडे बघत बसते. सासूबाई कधी निघताहेत? एवढं वाचून मामा थांबले. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी कार्डाच्या कोपऱ्यात ‘पाहिले’ असं लिहिलं, खाली तारीख घातली आणि फाइलमध्ये ते कुठे लावावं याचा विचार करू लागले.

मामी त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांचा आवाज चढला नाही.

‘अवं, तुमी लिवत बसा,’ त्या म्हणाल्या. ‘पोरगी थांबंल. पोटातलं न्हाई थांबायाचं.’

एवढं बोलून त्यांनी बाज अंगणात आडवी केली, पायथ्याकडची गाठ सोडली आणि त्या सुतळी उसवायला बसल्या. आमची सौभाग्यवती मदतीला गेली. भाताला आधण येईपर्यंत बाजेचे चार पाय आणि चार दांड्या सुट्या होऊन भिंतीला टेकल्या होत्या, सुतळीचा गुंडा वेगळा. बांधली की ती लाकडांची एक मोळी होणार होती; कुठल्याही डब्यात बाकाखाली सरकली असती. पाच आठवडे ज्या मुद्द्यावर फाइल अडली होती, तो मुद्दा असा भिंतीला टेकलेला मामा बघत राहिले.

‘पण मग तिथे ही पुन्हा विणणार कोण?’ त्यांनी विचारलं.

‘जिनं उसवली ती,’ मामी म्हणाल्या आणि सुतळीचं टोक त्यांच्या हातात दिलं. ‘धरा. मोळी तेवढी चांगली बांधा. तुमास्नी येती.’

ती मोळी मामांनी बांधली. कचेरीतले दस्तांचे बस्ते बांधतात तशी, चारही बाजूंनी, प्रत्येक फेऱ्याला गाठ. पुढे कल्याणला हमालाने ती दोनदा आपटली, पण एकही गाठ सैल झाली नाही. इतकं पक्कं बांधकाम मी दुसरं पाहिलेलं नाही.

कल्याणला मामींना जबलपूरच्या गाडीत बायकांच्या डब्यात बसवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. पुढे जावई स्टेशनावर येणार होते. सकाळच्या पहिल्या एस.टी.ला आम्ही स्टँडवर गेलो. मामाही आले. बंद कोट, टोपी, काखेत छत्री, हातात फाइल आणि टाइमटेबल. कुणी काही विचारलं नाही, पण मामी खिडकीशी सरकून बसल्या आणि शेजारच्या जागेवर ठेवलेलं बोचकं त्यांनी उचलून मांडीवर घेतलं. कंडक्टर ओळखीचाच होता. त्याने घंटीच्या दोरीला हात घातला आणि विचारलं, ‘भाऊसाहेब, येताय न्हवं?’

मामांनी घड्याळ काढलं. ते उघडून बराच वेळ बघत राहिले, जणू उत्तर तिथे लिहिलेलं असावं. मग म्हणाले, ‘तुम्ही व्हा पुढे. मी पुढच्या गाडीने येतो.’

मामींनी बोचकं परत शेजारच्या जागेवर ठेवलं. ‘दूध उतू जाऊ दिऊ नगा,’ त्या म्हणाल्या. गाडी सुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत आलो, तर मामा एस.टी. स्टँडच्या बाकावरच बसलेले. मांडीवर टाइमटेबल उघडं. मी कसा आलो, मामींना जागा मिळाली का, काहीही न विचारता ते म्हणाले, ‘नरसिंगपूर गेलं.’ मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, की सबंध प्रवास ते इथे बसून करत होते. भुसावळ, खांडवा, इटारसी. प्रत्येक स्टेशनावर पेन्सिलीची बारीक खूण. समोरून भाईजाननी चहा पाठवला होता आणि ते स्वतः मधूनमधून ओरडून विचारत होते, ‘भाऊसाहेब, वयनी कुटवर आल्या?’ मामा इतक्या खात्रीने सांगत की स्टँडवरची अनोळखी माणसंही ऐकायला थांबली होती.

मी शेजारी बसलो. न राहवून म्हटलं, की मामा, एवढी पाठ आहे वाट, तर गेला का नाहीत?

‘जावईबापू,’ ते म्हणाले, आणि कचेरीची मराठी गळून पडली, ‘कागूद चुकला तर वर अपील असतंया. गाडी चुकली तर कुनाकडं जायाचं?’

थोड्या वेळाने त्यांनी घड्याळ पाहिलं, टाइमटेबल मिटलं आणि म्हणाले, ‘पोचली.’

पाचव्या दिवशी कार्ड आलं. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. बाज मामींनी पोचल्या रात्रीच विणून काढली होती. मामांनी कार्ड दोनदा वाचलं आणि पेन्सिलीने लिहिलं, ‘नोंद घेतली.’ पण पेन्सिलीचं टोक मोडलं आणि ‘घेतली’मधली शेवटची वेलांटी राहून गेली.

त्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं, की घाईत बाळाची कुंची इथेच खुंटीवर राहिली आहे. मामी महिनाभर ती शिवत होत्या. तिला लाल गोंडे होते. मामा म्हणाले, आपण उद्या पुण्याला जाऊन तिथल्या टपालाने पाठवू, ते अधिक जलद असतं. सकाळी ते छत्री, कुंचीचं पुडकं आणि एक पिशवी घेऊन एस.टी.ने गेले. संध्याकाळी परत आले ते पुडक्यासकट. काम झालं नाही, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी कुंची पौडच्याच टपालाने रवाना झाली. पुण्यात मामांनी सगळ्या टपाल कचेऱ्यांचा तौलनिक तक्ता केला असणार, यावर आम्ही घरात आठ दिवस हसलो.

मामी तीन महिन्यांनी परत आल्या. नात दोन वर्षांची झाल्यावर पौडला आली, आजोबांच्या मांडीवर बसली आणि तिने टाइमटेबलची मध्यप्रदेशाकडची पानं फाडली. मामांनी ती तिला फाडू दिली. दरवर्षी ती माणसं यायची, जायची. मामा स्टँडवर बसून त्यांना पोचवायचे. मोटारीने यावं की रेल्वेने, याविषयी त्यांनी पुन्हा कधी तक्ता आखला नाही. पुढे माझी बदली झाली आणि त्यानंतर काही वर्षांनी मामा गेले. मी पौडला गेलो, तेव्हा मामींनी माळ्यावरचा एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. ‘बघा काय कामाचं हाय का, न्हाईतर बंबात घालते.’

वरच जबलपूरची फाइल होती. रकाने, जबाब, तहसीलदारांची पत्रं, जावयाची कार्डं, सगळं क्रमाने. शेवटच्या पानावर निर्णयासाठी जागा सोडलेली होती आणि ती कोरी होती. तिच्या बोटभर वर टाचणीने एक लहानसं पुठ्ठ्याचं तिकीट लावलं होतं. ते पुणे स्टेशनचं होतं, त्या कुंचीच्या दिवसाचं. मी ते उजेडाकडे धरलं. ते जबलपूरचं नव्हतं. नुसतं फलाटाचं होतं. खाली मामांच्या सुरेख अक्षरात शेरा होता:

‘कल्याणकडील गाडी वेळेवर सुटली. समक्ष पाहिले.’